बुधवारचा पाऊस, गुरुवारची नोंद

न्यायासनापुढे एकदा प्रत्यक्ष आभाळाची साक्ष झाली आणि त्या साक्षीला मी हजर होतो. हे वाक्य मी अनेक लग्नांच्या पंगतीत म्हणून पाहिलं आहे. ऐकणाऱ्याचा घास हातात राहतो. मग पुढचं सांगावं लागतं. आभाळावर समन्स बजावता येत नाही. त्याला पत्ता नाही, आधार कार्ड नाही, आणि दारात आलेल्या बेलिफाला चहा विचारायची पद्धत त्याला ठाऊक नाही. माझा पत्ता धारूरचा आहे, मी निवृत्त आहे आणि घरीच असतो. म्हणून त्याच्याऐवजी मला बोलावलं.

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं पाऊस मोजला. लोकांना वाटतं, त्याला काही मोठं यंत्र लागत असेल. जमिनीत रोवलेलं बादलीएवढं नळकांडं, तोंडाला फनेल, आत बाटली, भोवती तारेचं कुंपण, एवढंच. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजनळीत ओतायचं आणि नळी सपाट जागी ठेवून डोळे तिच्या उंचीवर आणायचे. पाणी काचेच्या कडेने थोडं वर चढतं आणि मध्ये खळगा पडतो. त्या खळग्याचा तळ ज्या रेघेवर, तो आकडा. कडेचा वाचला तर पाऊस वाढतो, आणि सरकारी दप्तरात एकदा वाढलेला पाऊस कमी करायला तीन टेबलांवरून अर्ज फिरवावा लागतो.

वर्षातले बहुतेक दिवस बाटली कोरडी असते. तरी साडेआठला जायचं, ती कोरडीच आहे याची खात्री करायची आणि शून्य लिहायचं. न पडलेल्या पावसाची नोंद घेण्यासाठी सरकारने मला एकतीस वर्षं सांभाळलं, याबद्दल मी आभारी आहे.

एक नियम बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो. सकाळी साडेआठला जे पाणी मोजलं, ते त्या दिवसाच्या तारखेखाली लिहायचं, मग पाऊस आदल्या संध्याकाळी का पडलेला असेना. बुधवारी दिवेलागणीला आभाळ फाटलं, तर वहीत बुधवार कोरडा आणि गुरुवार भिजलेला. सगळ्या देशात असंच चालतं. यात गूढ काही नाही, फक्त हे कुणी कुणाला सांगत नाही.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एका मोठ्या बागायतदाराचा माणूस दर वर्षी यायचा.

"काका, तेवढा पाऊस कमी करा की. आपलं महसूल मंडळ दुष्काळात बसवायचंय."

"पाडणारा वर आहे. मी नुसता मोजतो."

"आवो, मग मोजायचं जरा कमी!"

एका वर्षी एक पुढारी वाजतगाजत आले. पर्जन्यमापकाला हार घातला, नारळ फोडला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत तांब्यातलं पाणी मंत्रासकट फनेलमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत बऱ्यापैकी पाऊस होता. मी आकड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, "मान्यवरांनी घातलेले पाणी वगळून."

आता ज्या गोष्टीमुळे साक्ष अडली, ती.

सरकारी नोकराला नुसतं त्याचं काम करून चालत नाही. निवडणूक आली की मतदान केंद्रावर, जनगणना आली की दारोदार, आणि काहीच आलं नाही की बीडला प्रशिक्षणाला. पाऊस मात्र आचारसंहिता पाळत नाही. मी नसेन त्या सकाळी माझी बायको मंदा पाऊस मोजायची. पहिल्या वर्षी मी तिला शिकवलं. दुसऱ्या वर्षी तिने माझी चूक काढली. मी मोजनळी हातात धरून वाचायचो, ती म्हणाली, "हात हालतो तुमचा. फरशीवर ठिवा." तेव्हापासून आम्ही दोघंही फरशीवर ठेवून गुडघे टेकत आलो. देवापुढे मी एवढे टेकलेले नाहीत.

वहीच्या प्रत्येक पानाखाली एक छापील ओळ असते: "वरील नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत." तिच्याखाली मी सही करायचो. सगळ्या पानांवर. मंदाने घेतलेल्या नोंदींच्या पानांवरही. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि तेव्हा वाटलं नाही याचं आता वाटतं.

निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. बालाघाटाच्या उतारावर एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिला पुरेशा नोटिसा आल्या आहेत. एका बुधवारी दुपारी चारला तिथे पाऊस सुरू झाला आणि दिवे लागेपर्यंत डोंगराची माती ओढ्यात गेली. माणसं शाळेच्या स्लॅबवर चढली म्हणून वाचली. रानं मात्र खडकापर्यंत धुऊन निघाली. वाडी धारूरपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तोच पाऊस आमच्या बाटलीतही पडला. मी त्या दिवशी बीडला होतो. प्रशिक्षणाचा विषय होता आपत्ती व्यवस्थापन.

वाडीची सुभद्राबाई साठीची, अंगाने काटकुळी, आवाजाने नाही. वर्षभर तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तिला भरपाईपेक्षा दुसरंच हवं होतं. राज्य सरकारने हवामान बदलाला तोंड देण्यासाठी जाडजूड आराखडा छापला होता. त्यात अशा उतारांवर समतल चर खोदायचे, झाडं लावायची, गावाला आधी इशारा मिळेल अशी सोय करायची, असं सगळं छान कागदावर लिहिलेलं होतं. वाडीला यातलं काही मिळालं नव्हतं. सुभद्राबाई म्हणायची, "तुमीच छापलं ना? मंग तुमीच पाळा. दुसऱ्या पावसात शाळा बी जाईल, मंग चढायचं कशावर?"

तिला वकील मिळाली माजलगावची शबाना, एका मोटार मेकॅनिकची मुलगी. वयाने लहान, पण फाईल मोठी. त्या फाईलमध्ये जगभरचे खटले होते. वाडीच्या वतीने शबानाताईंनी उच्च न्यायालयात सरकारवर याचिका लावली होती. मी साक्षीदार म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्या सुभद्राबाईला समजावत होत्या.

"मावशी, तिकडे बर्फाच्या देशात म्हाताऱ्या बायका सरकारवर कोर्टात गेल्या. जिंकल्या."

"त्यांची बी माती गेली का?"

"नाही. त्यांना उन्हाचा त्रास होतो."

"बर्फात ऊन? आन आडानी आमाला म्हनत्यात."

शबानाताई हसल्या आणि पुढचं पान उलटलं. दुसऱ्या एका देशात लोकांनी न्यायालयाला सांगितलं, की सरकारने धूर कमी करायचं कबूल केलंय, ते करवून घ्या. न्यायालयाने करवून घेतलं. एका डोंगराळ देशातला शेतकरी समुद्रापलीकडच्या कंपनीवर गेला, तिच्या धुराने माझ्या गावावरचा बर्फ वितळतोय म्हणून. कित्येक वर्षं भांडला आणि हरला. पण हरता हरता असा दावा चालू शकतो, एवढं त्याने न्यायालयाकडून वदवून घेतलं. आमच्याकडे जिंकणाऱ्याच्या हाती एवढं पडत नाही.

"आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा," शबानाताई म्हणाल्या, "माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलंय, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून सुटका हा नागरिकांचा हक्क आहे."

"बरं झालं," सुभद्राबाई म्हणाली. "आन पक्ष्याचं काय झालं?"

शबानाताईंनी पान उलटलं.

जगाच्या न्यायालयांबद्दल माझं मत फारसं मोठं नाही. आभाळ निकाल वाचत नाही. पण एक गोष्ट मला त्या फाईलमध्ये कळली. इतक्या देशांतल्या इतक्या माणसांनी न्यायालयाकडे पाऊस, बर्फ, ऊन यातलं काहीच मागितलं नव्हतं. त्यांचं मागणं सुभद्राबाईचंच होतं: बोललात ते करा. आणि त्यासाठी प्रत्येकाला कुठल्या तरी कारकुनाची वही लागली होती. एका पावसाने हवामान बदललं असं म्हणता येत नाही, त्याला वर्षानुवर्षांचे आकडे लागतात. वाडीसाठी ते माझ्या वहीत होते. शून्यांची पानं वाढत गेली होती आणि मधूनच येणारे आकडे लठ्ठ होत गेले होते. वही टिकली तर वाडीचं म्हणणं टिकणार होतं. वही खोटी ठरली तर उरणार होता सुभद्राबाईचा आवाज, आणि आवाज पुरावा म्हणून दाखल होत नाही.

उच्च न्यायालयाने साक्षी नोंदवायला एक निवृत्त न्यायाधीश आयुक्त म्हणून बीडला पाठवले. मला वह्या आणि मोजनळी घेऊन यायचा हुकूम होता. मोजनळी टॉवेलात गुंडाळून मी सकाळच्या एसटीत बसलो. मंदा बरोबर होती, तिला बीडला चष्मा करायचा होता.

"विचारलं तर काय सांगू?" मी म्हणालो.

"काय विचारत्यात?"

"त्या दिवशीचं माप तुम्ही घेतलं का म्हणून."

"बायकूनं घेतलं म्हनून सांगा."

"सांगितलं तर वही जाते, मंदा. सही माझी आहे. वही गेली तर वाडीचं सगळंच जातं. आणि माझ्या पेन्शनचं काय करतील ते वेगळंच."

तिने मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाली, "एकतीस वर्सं शून्य बी खरं लिवलं तुमी. आता एका आकड्यापायी का म्हनून खोटं बोलायचं?"

पुढे बीड येईपर्यंत ती चष्म्याच्या काड्यांबद्दल बोलली.

सुनावणीची खोली सजवलेली होती. आयुक्तांच्या मागे नवा पडदा, पुढ्यात तीन पुष्पगुच्छ. गुच्छांमुळे साक्षीदार दिसेना, तेव्हा त्यांनी ते स्वतः उचलून खाली ठेवले. माझा त्यांच्याबद्दलचा आदर तिथून सुरू होतो. मंदा बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली.

सरकारी वकील सभ्य आणि तयारीचे होते.

"वाडीकर सांगतात, बुधवारी ढगफुटी झाली. तुमची वही बुधवारी काय सांगते?"

"शून्य."

"म्हणजे वाडीकर खोटं बोलतात की वही?"

सुभद्राबाई मागून म्हणाली, "आरं देवा!" आयुक्तांनी तिला गप्प बसवलं. मी साडेआठचा नियम सांगितला. आयुक्तांनी तो दोनदा विचारला. मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे गेली पन्नास वर्षं मी वर्तमानपत्रात कालचा पाऊस वाचतोय." सरकारी वकिलांनी मान तुकवली. त्यांचा एक डाव गेला होता. त्यांनी दुसरा काढला.

"गुरुवारच्या नोंदीतला हा पाच बघा. आणि त्या आठवड्यातल्या सोमवारचा पाच बघा. दोन्ही तुमचेच?"

मी पाहिलं. मंदाचा पाच पोटात वळतो. माझा सरळ खाली उतरतो. एकतीस वर्षांत हे एकाही तपासणी अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"साक्षीदार, गुरुवारचं माप तुम्ही स्वतः घेतलं?"

शबानाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी हे सांगितलेलं नव्हतं. सुभद्राबाई माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर वाडी वाचत होती, निदान मला तेव्हा तसंच वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या पत्नीने घेतलं. मी बीडला होतो. यापूर्वीही मी नसेन तेव्हा तिनेच घेतलंय. सह्या माझ्या आहेत."

सरकारी वकील बसले. त्यांना आणखी काही विचारायची गरजच नव्हती. "अनधिकृत व्यक्ती, महोदय. सबब हे दप्तर विचारात घेऊ नये." सुभद्राबाईने पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. शबानाताई उठून एवढंच म्हणाल्या, "अनधिकृत व्यक्ती बाहेर बसलीय. विचारून तरी बघा."

मंदाला आत बोलावलं. तिने डबा बरोबर आणला, ठेवायचा कुठे म्हणून टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्हाला पाऊस मोजायचा अधिकार कुणी दिला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"आदिकार आला न्हवता साहेब, पाऊस आलता. बाटली भरून सांडायच्या बेतात आली आन हे गेलते बीडला, आपत्ती आल्यावर काय करायचं ते शिकायला."

आयुक्त खोकले.

"मंग मी छत्री घेऊन गेले. बाटली भरत आली की मोजायची, कॅलेंडरच्या मागं लिवायचं, आन बाटली परत ठिवायची. सकाळी साडेआठला उरलेलं मोजलं, समद्याची बेरीज केली आन गुरुवारात लिवली. मोजनळी नऊ टायमाला भरली. धाव्या टायमाला निम्मी."

"आज तुम्ही चष्मा करायला आलात. म्हणजे तुम्हाला दिसत नाही."

"लांबचं दिसत न्हाई. जवळचं समदं दिसतं."

आयुक्तांनी पुढ्यातला पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मोजनळी टॉवेलातून बाहेर निघाली. "यातलं मोजून दाखवा."

मंदाने पाणी ओतलं, नळी टेबलावर ठेवली, वाकली आणि सरळ झाली. "ह्यो टेबल कललाय, साहेब."

आयुक्तांनी आपलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. ते घरंगळत सरकारी बाजूला गेलं. मंदाने नळी उचलून फरशीवर ठेवली, पदर खोचला, गुडघे टेकले आणि गाल जवळजवळ फरशीला लावून आकडा सांगितला. मग मला वाचायला सांगितलं. मी टेकलो. तोच आकडा. मग आयुक्त खुर्चीतून उठले. ऐंशीच्या घरातला तो माणूस दोन शिपायांच्या आधाराने खाली बसला, वाकला, आणि म्हणाला, "मला थोडा जास्त दिसतोय."

"तुमी कड बघताय," मंदा म्हणाली. "खळगा बघा."

त्यांनी खळगा बघितला आणि आकडा दुरुस्त केला. सरकारी वकिलांना ते म्हणाले, "तुम्हीही पाहता का?" ते नको म्हणाले. त्यांची पॅंट पांढरी होती.

अहवालात आयुक्तांनी लिहिलं, की नोंद घेणारी व्यक्ती नियुक्त नसली तरी सक्षम आहे, आणि ज्या दप्तरात मान्यवरांचं पाणीसुद्धा वजा केलेलं आहे, ते विश्वासार्ह मानायला हरकत नाही. शेऱ्यांचे रकाने त्यांनी सगळे वाचले होते. माझ्या नोकरीत ते वाचणारा तो पहिला माणूस.

उच्च न्यायालयाने वही मान्य केली. पुढच्या पावसाळ्याआधी वाडीच्या उतारावर चर खोदा, इशाऱ्याचा भोंगा बसवा, वाडीतच स्वयंचलित पर्जन्यमापक लावा, असा आदेश निघाला. चर खोदले गेले. भोंगा बसला. गेल्या पावसाळ्यात तो एकदा वाजला, वाडी वेळेवर स्लॅबवर चढली, आणि चरांनी पाणी धरल्यामुळे दोन तासांनी सगळी खाली उतरली. शाळा जागेवर आहे. गेलेली माती परत आली नाही. कुठल्याही देशातल्या न्यायालयाला ते जमलेलं नाही. सुभद्राबाई तरी दर संक्रांतीला मंदाकडे तीळगूळ घेऊन येते आणि मला म्हणते, "तुमी खरं बोललात तवा माजं काळीज थांबलं व्हतं. आजून बी माफ न्हाई केलं."

मला निवृत्तीनंतर कारणे दाखवा नोटीस आली: अनधिकृत व्यक्तीस शासकीय काम करू का दिले? मी कारण लिहिलं, "पाऊस." पुढे काही आलं नाही. पेन्शन चालू आहे.

मी पुष्कळांचा ऋणी आहे. शबानाताईंचा, कारण त्या मला त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र भरपूर बोलल्या. आयुक्तांचा, कारण त्यांचे गुडघे दुखत असताना ते टेकले. आणि सगळ्यांत जास्त त्या सरकारी वकिलांचा. त्यांनी विचारलं नसतं तर मंदाचं काम माझ्या सहीखालीच राहिलं असतं, आणि मी चांगला नोकर म्हणून मेलो असतो. तिचा पाच ओळखणारा जगातला पहिला माणूस मी असायला हवा होतो. तो विरुद्ध बाजूचा निघाला.

वाडीतल्या नव्या यंत्राचं उद्घाटन थाटात झालं. यंत्राशेजारी साडेचार फुटांची ग्रॅनाइटची कोनशिला बसवली, तिच्यावर अकरा मान्यवरांची नावं, आदेशाच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी घेतलेल्या परिश्रमांसह. मंदाने लांबूनच, नव्या चष्म्यातून, पाहिलं आणि सुभद्राबाईला सांगितलं, की यंत्राजवळ असं उंच काही उभं असलं तर तिरपा पाऊस अडतो आणि माप कमी भरतं. माप कमी भरलं तर भोंगा उशिरा वाजतो. वाडीने रीतसर अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग वाडीने पहार आणली.

कोनशिला सध्या शाळेच्या नळाखाली आडवी आहे आणि तिच्यावर पोषण आहाराची भांडी घासतात. नावं खालच्या बाजूला आहेत.